परीक्षा उंदराची, की परीक्षेचीच?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटहून गुलमंडीला निघालेला माणूस टिळक पथ बंद दिसला, की औरंगपुऱ्यातून वळसा घालतो. परिसराचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. उंदराच्या डोक्यातही असा नकाशा असेल का? त्याला विचारता येत नाही; वागण्यावरूनच ताडले पाहिजे.

रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८१ साली त्यासाठी एक युक्ती मांडली. मोठ्या गोल हौदातले पाणी दूध घालून गढूळ करायचे आणि पृष्ठभागाखाली लहानसा चौथरा लपवायचा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. सरावाने लागणारा वेळ कमी होत जातो. चौथरा तर दिसत नाही. म्हणजे खोलीतल्या खुणांवरून त्याने जागा लक्षात ठेवली.

आता समजा, एका उंदराला दहा सेकंद लागले, दुसऱ्याला एक मिनिट. दुसरा विसरभोळा ठरवायचा? घाई करू नका! घड्याळाने मोजला तो वेळ, स्मृती नव्हे. (स्प्रिंगच्या काट्यावरही आपण पाहतो स्प्रिंगचे ताणणे, वजन हे त्यावरून काढलेले अनुमान.) उंदीर पोहण्यात कच्चा असेल. प्रयोगशाळेतील उंदरांच्या काही जाती तर आनुवंशिक दोषामुळे लहानपणीच आंधळ्या होतात. त्यांना भिंतीवरच्या खुणांचा काय उपयोग? म्हणून चौथरा उघडा ठेवून पाहतात. तोही सापडत नसेल, तर स्मृतीविषयी काहीच म्हणता येत नाही. याहून नामी तपासणी म्हणजे चौथरा काढूनच टाकणे : शिकलेला उंदीर त्याच जागी घुटमळत राहतो.

ही काळजी उगाच नाही. उंदरांची स्मृती सुधारणारी कितीतरी औषधे अल्झायमरच्या रुग्णांवर निष्फळ ठरली आहेत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट भावनांमागील मेंदूचे कार्य उंदरांवर अभ्यासतो. चिंतेच्या अशा अभ्यासात अधिकच्या चिन्हासारखा उंच मार्ग वापरतात. त्याच्या दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. भित्रा उंदीर भिंतींच्या आड बसतो. पण सुस्त उंदीरही बसेलच की! तेव्हा तो एकूण किती फिरला, हेही मोजावे लागते.

१९९९ साली तर एक गंमतच प्रसिद्ध झाली. ऑल्बनी, पोर्टलंड आणि एडमंटन येथील तीन प्रयोगशाळांनी त्याच वंशांचे उंदीर, सारखी उपकरणे आणि दिवसाची तीच वेळ घेऊन चाचण्या केल्या. तरी काहींचे निकाल जागोजागी निराळे! कारणे शोधता शोधता एक तपशील नोंदवला गेला : एडमंटनच्या प्रयोगकर्त्या व्यक्तीला उंदरांची ॲलर्जी होती आणि तिने सगळ्या चाचण्या नाकातोंडावर मुखवटा चढवून घेतल्या होत्या.