तारीख आहे, मुदत नाही

मशीद बंदरला एका दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मी अकरा वर्षं आखातात जाणाऱ्या कामगारांची कागदपत्रं बघितली. माणूस समोर बसला की पहिलं काम ठरलेलं. पासपोर्ट घ्यायचा, फोटोचं पान उघडायचं, मुदत संपण्याची तारीख वाचायची, तिच्यातून सहा महिने वजा करायचे आणि येईल ती तारीख फाइलच्या कव्हरवर पेन्सिलीनं लिहायची. आमच्या लेखी पासपोर्ट त्या पेन्सिलीच्या तारखेलाच संपायचा.

सौदी असो, दुबई असो की कतार, नोकरीवर जाणाऱ्याच्या पासपोर्टला किमान सहा महिने शिल्लक लागतात. ज्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’) शेरा आहे, म्हणजे बहुतेक वेळा दहावी न झालेला माणूस, त्याला आखातासह १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी ‘प्रोटेक्टर’ची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी काढावी लागते. तिथंही तोच नियम. इतकं करून कुणी निसटलाच, तर विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर अडतो.

चिपळूणकडचा एक पाइप वेल्डर होता. ट्रेड टेस्टला त्यानं सहा इंची पाइपचा जोड मारला, आम्ही टॉर्च लावून आतून बघितला. रूट पास, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला थर, सगळीकडून सारखा, कुठं थेंब लोंबलेला नाही. परीक्षा घेणाऱ्यानं तिथल्या तिथं नाव पक्कं केलं. काम सौदीतल्या रिफायनरीच्या शटडाऊनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी ती बंद ठेवतात त्या काळातलं, तीन महिन्यांचं. शटडाऊनची तारीख कुणासाठी हलत नाही.

त्याच्या पासपोर्टला तेव्हा सात महिने होते. फाइल दुसऱ्या टेबलावर गेली आणि कव्हरवर तारीख लिहायची राहिली. मेडिकल झालं, ‘फिट’ आला. कंपनीकडून व्हिसाचे कागद यायला पाच आठवडे लागले. तेवढ्यात सात महिन्यांचे पावणेसहा झाले.

‘‘काम तीनच महिन्यांचं आहे की साहेब. पासपोर्ट त्याच्या जवळजवळ दुप्पट दिवस चालतोय,’’ तो म्हणाला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पण नियम कामाचे महिने मोजत नाही. तिकडं माणूस आजारी पडला, काम लांबलं, पगार अडकला, तरी परत येण्याइतका पासपोर्ट जिवंत असावा, यासाठी तो नियम आहे.

तत्काळमधून नवा पासपोर्ट आठवड्यात हातात आला, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली. नव्या पासपोर्टला नंबर नवा. मेडिकल जुन्या नंबरवर, ऑफर लेटर जुन्या नंबरवर, व्हिसाची मंजुरीही जुन्याच नंबरवर. सगळं पुन्हा पहिल्यापासून. ते होईतो शटडाऊन सुरू झालं आणि त्याच्या जागी दुसरा वेल्डर गेला. घरातलं सोनं गहाण ठेवून तो मुंबईत राहिला होता. चूक आमच्या ऑफिसची होती. त्यानं आवाज चढवला नाही. फाइलमधले उरलेले फोटो तेवढे परत मागून घेतले आणि जिना उतरला. त्यानंतर पेन्सिलीची तारीख नसलेली फाइल मी पुढं जाऊ दिली नाही.

दुसरा किस्सा संगमेश्वरच्या फिटरचा. पासपोर्ट नवा कोरा, पानांना अजून छापखान्याचा वास. अशा वेळी कुणी तारीख बघत नाही. मी बघितली, तर मुदत फक्त एक वर्षाची! बांधावरून भावकीत मारामारी झाली होती आणि केस कोर्टात पडून होती. फौजदारी खटला चालू असला, तरी कोर्टाच्या परवानगीनं पासपोर्ट मिळतो. पण १९९३च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टानं आदेशात मुदत सांगितली नसेल, तर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो. एका वर्षातून सहा महिने गेले, दोन-तीन महिने मेडिकल आणि व्हिसात गेले, मग हातात राहिलं काय? त्याच्या वकिलाला हे माहीतच नव्हतं. पुन्हा अर्ज केला, त्यात मुदत स्पष्ट मागितली, कोर्टानं दिली, आणि आठ महिन्यांनी तो कतारला गेला. ज्यांची अशी केस आहे, त्यांनी वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगावं. भावकीच्या भांडणापायी कोकणातल्या कितीतरी पोरांची वर्षं अशी वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

अलीकडं नर्सिंगच्या मुली जर्मनीला निघाल्यात. त्यांनाही एक सांगणं आहे. तिथला राहण्याचा परवाना सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडं देत नाहीत. कमी मुदत उरलेला पासपोर्ट घेऊन गेलात, तर नव्या देशात, नव्या भाषेत, आधी पासपोर्ट आणि मग परवाना अशा दोन खेपा पडतात.

मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून पासपोर्ट पुन्हा काढता येतो. ३६ पानांच्या पुस्तिकेची साधी फी १५०० रुपये, तत्काळला वर २०००. बाहेर जायचं नुसतं मनात असेल, तरी कपाटातला पासपोर्ट आज काढा आणि तारखेतून सहा महिने वजा करा. उरलेले दिवस कमी वाटले, तर आधी नवा पासपोर्ट हातात घ्या, मगच मेडिकलला जा.