धडकेआधीच सुटणारे इलेक्ट्रॉन

वायू भरलेल्या नळीत ठिणगी का टिकते, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मोठा प्रश्न होता. धन आयन ऋणाग्रावर आदळतात आणि धातूतून इलेक्ट्रॉन उडवतात, हे उत्तर १९२०च्या दशकात हळूहळू पटू लागलं. पण उडवतात म्हणजे नेमकं काय करतात? चेंडू भिंतीवर मारला की पोपडा उडावा, तसं काहीसं? केंब्रिजला मार्क ऑलिफंट आणि फिलिप मून यांनी १९३० मध्ये ही समजूत मोडीत काढली. हेलियमचा आयन हळू आला तरी इलेक्ट्रॉन सुटत होते. आयन पृष्ठभागाजवळ आला की धातूतला इलेक्ट्रॉन मधली भिंत भेदून त्याच्या रिकाम्या पातळीत शिरतो, असं त्यांनी मांडलं. त्याच वर्षी हॅरी मॅसी यांनी पुढचं गणित केलं. १९३७ मध्ये शेख्तर यांनी आणि १९४४ मध्ये कोबास व लॅम यांनी त्यात भर घातली.

सिद्धांत धावत होता, प्रयोग मात्र रखडत होते. कारण साधं होतं: धातू स्वच्छ नव्हता. त्या काळच्या निर्वातात धातूवर वायूचा थर बसायला काही सेकंदही पुरत. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आकड्यांवर फार विसंबू नये, असं मला म्हणूनच वाटतं.

चित्र पालटलं ते बेल लॅबमध्ये. होमर हॅगस्ट्रम यांनी अतिनिर्वातात टंगस्टन लखलखेपर्यंत तापवून साफ केलं आणि त्यावर हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांचे आयन सोडले. १९५४ चा त्यांचा हिशोब आजही वाचावा असा आहे. हेलियमचा गेलेला इलेक्ट्रॉन परत मिळाला की २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट मोकळे होतात. टंगस्टनमधून एक इलेक्ट्रॉन काढायला साधारण ४.५ लागतात. एक इलेक्ट्रॉन आयनात भरायला जातो, ती ऊर्जा घेऊन दुसरा बाहेर पडतो, म्हणून ४.५ दोनदा वजा, उरतात १५.६. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा साधारण तिथेच संपत होती. आयनाची गतिज ऊर्जा दहा इलेक्ट्रॉनव्होल्टपासून हजारापर्यंत वाढवली तरी शंभर आयनांमागे तीसच्या आसपासच इलेक्ट्रॉन, फार फरक नाही. झेनॉनला १२.१ मिळतात, वजाबाकीनंतर तीनच उरतात, म्हणून त्याचं उत्पन्न शंभराला एखाद-दोन. म्हणजे कामी येत होती ती आयनात साठलेली ऊर्जा. दोन वर्षांनी हॅगस्ट्रम यांनी मुद्दाम वायूचा एक थर चढवून हेच आकडे कसे बदलतात तेही दाखवलं, आणि जुन्या गोंधळाचा उलगडा झाला.

यानंतर कामाला फाटे फुटले. १९७५ मध्ये एरिक्सन आणि स्मिथ यांना शिसं आणि आणखी काही धातूंवरून परतणाऱ्या हेलियम आयनांच्या आलेखात लाटा दिसल्या: इलेक्ट्रॉन आयन आणि धातूचा अणू या दोघांत ये-जा करत होता. हा निकाल मला सगळ्यांत देखणा वाटतो. उरलेली ऊर्जा नेहमी एकाच इलेक्ट्रॉनला मिळते असंही नाही. १९९६ मध्ये बारागिओला आणि ड्यूक्स यांनी ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमवर दाखवलं, की ती धातूतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक हेलकाव्याला, म्हणजे प्लाझ्मॉनला जाते आणि मग त्यातून इलेक्ट्रॉन सुटतो.

त्याआधी, १९९० मध्ये ब्रियांड व सहकाऱ्यांनी सतरा इलेक्ट्रॉन गमावलेला आर्गॉन चांदीवर सोडला. असा आयन चांदीपासून पंधरा-वीस ॲंगस्ट्रॉमवर असतानाच इलेक्ट्रॉन ओढू लागतो, ते बाहेरच्या कक्षांत बसतात आणि आतल्या रिकाम्या राहतात. ‘पोकळ अणू’ हे नाव गाजलं. इलेक्ट्रॉन आत उतरताना दिसलेले क्ष-किरण मात्र बहुतांशी पृष्ठभागाखालून येत होते, हे नंतर वादावादीतून स्पष्ट झालं.

या सगळ्याचा घरगुती उपयोग झाला तो प्लाझ्मा टीव्हीत. त्याच्या खणांत निऑन-झेनॉनचं मिश्रण आणि आतून मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप असे. निऑनचा आयन त्यातून इलेक्ट्रॉन काढतो, झेनॉनला ते जवळजवळ जमत नाही. पण प्रकाशासाठी लागणारे अतिनील किरण झेनॉनच देतो. झेनॉन वाढवला की उजेड चांगला, पण व्होल्टेजही वाढवावं लागे. या ओढाताणीतच अभियंत्यांची वर्षं गेली आणि २०१४च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ते पडदे बनवणंच थांबवलं.