पडदे निवडणारी, की नकाशावर शिक्का मारणारी?

आपल्या ओळखीत एखादी मुलगी किंवा सून इंटिरियर डिझायनर असतेच. कुणी मुंबई-पुण्याहून डिप्लोमा करून आलेली, कुणी इथेच शिकलेली. "म्हणजे पडदे आणि सोफे ना?" हे तिला दर गणपतीत एकदा तरी ऐकावं लागतं. गंमत अशी, की अमेरिकेतल्या कायद्यालाही या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षांत एकमताने देता आलेलं नाही.

आर्किटेक्टला इथे प्रत्येक राज्यात लायसन्स लागतं. इंटिरियर डिझायनरचं तसं नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत 'सर्टिफाइड', टेक्सासमध्ये 'रजिस्टर्ड', तर कॅलिफोर्नियात एक खाजगी संस्था प्रमाणपत्र देते आणि कायदा ते मानतो. अशा बहुतेक ठिकाणी कायदा फक्त बिरुद राखून ठेवतो. काम कुणीही करावं, ते बिरुद मात्र नोंदणी असलेल्यानेच लावावं.

मग नोंदणीसाठी एवढी धडपड कशाला? परमिटसाठी. समजा, एखाद्या डेंटिस्टला दवाखान्याची आतली मांडणी बदलायची आहे. भार घेणाऱ्या एकाही भिंतीला हात लावायचा नाही. तरीही पुष्कळ ठिकाणी इमारत खात्याकडे जाणाऱ्या नकाशांवर आर्किटेक्ट किंवा इंजिनियरचाच शिक्का लागतो. आराखडा डिझायनरचा असला, तरी दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्यावं लागतं आणि तो खर्च शेवटी डेंटिस्टच्या बिलात येतो. स्वतःचं छोटं ऑफिस चालवणाऱ्या डिझायनरच्या हातून अशी कामं निसटतात.

हे काम नुसतं सजावटीचं नाही. २० फेब्रुवारी २००३ रोजी ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' या नाइट क्लबला आग लागली. स्टेजमागच्या भिंतींना आवाज अडवायला फोम लावला होता. बँडच्या आतषबाजीने तो पेटला आणि १०० माणसं गेली. आपल्याला मुंबईतल्या कमला मिल्सची २०१७ ची आग आठवत असेल, तिथे १४ जण गेले. जाणकार डिझायनर असता तर हे नक्की टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण भिंतीला काय लावायचं, दार कुठे उघडायचं, वाट किती रुंद ठेवायची, हे ठरवणाऱ्याची परीक्षा झालेली असावी, एवढं तरी पटायला हरकत नाही.

विरोधकांचंही म्हणणं ऐकायला हवं. अलाबामाने २००१ मध्ये लायसन्सशिवाय हे काम करण्यावरच बंदी घातली. २००७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. मला हा निकाल योग्य वाटतो. कुणाच्या दिवाणखान्याचा रंग सुचवायला सरकारी परवाना कशाला हवा?

त्यानंतर एक मधली वाट निघाली: नोंदणी ऐच्छिक ठेवायची, पण नोंदणी असलेल्याला मर्यादित कामांच्या नकाशांवर स्वतःचा शिक्का मारू द्यायचा. फ्लोरिडाने २०२० मध्ये जुनी सक्ती काढून हेच केलं. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये आणि विस्कॉन्सिन व इलिनॉयने २०२२ मध्ये तसेच कायदे केले. यात रंग सुचवणाऱ्याचं काही जात नाही आणि शिकलेल्या डिझायनरला तिचा हक्क मिळतो.

भारतात १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे बिरुद राखलं, पण इंटिरियर डिझायनरसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे तिकडून सरकारी नोंदणी आणता येत नाही. इथे सगळा भार एनसीआयडीक्यू या तीन भागांच्या परीक्षेवर असतो. पदवीधराला साधारण ३,५२० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. तिकडची पदवी असेल, तर तिचं मूल्यांकन आधी करून घ्या आणि तिकडच्या कामाचे तास धरतात का, हेही फी भरण्यापूर्वीच लेखी विचारा.

आणि तुमच्या राज्यात असं विधेयक आलं, तर तुमच्या मतदारसंघातल्या आमदाराला पत्र लिहा. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. डिझायनरने तर लिहावंच, पण स्वतःचा दवाखाना किंवा दुकान असलेल्यांनी, परमिटसाठी किती जादा पैसे आणि किती आठवडे गेले, तेही आकड्यांसकट कळवावं.