कोबुर्गची चौकट

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात, जुन्या चौकटींच्या एका दुकानात, मला एक छायाचित्र मिळाले. मूळ अर्थातच नव्हे, छापील प्रत. मी दिलेले पैसे बहुधा शिसवी चौकटीचेच असावेत. दुकानदाराला त्यातील ‘राणी’ तेवढी ठाऊक होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपये मांडतात, त्या रुपयावरची हीच व्हिक्टोरिया. रुपयावर ती मुकुट धारण करून असते. येथे मात्र काळ्या वस्त्रांतील, थकलेली एक आजी नातवंडांच्या गराड्यात बसली आहे.

दिनांक २१ एप्रिल १८९४, स्थळ जर्मनीतील कोबुर्ग. राणीचे दिवंगत पती प्रिन्स अल्बर्ट यांचे घराणे येथले. आदल्या वर्षीपासून राणीचा दुसरा पुत्र आल्फ्रेड तेथील ड्यूक झाला होता, आणि १९ एप्रिलला त्याच्या कन्येचा विवाह हेसच्या ग्रँड ड्यूकशी झाला होता. वर हा वधूचा सख्खा आतेभाऊ. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या दक्षिण महाराष्ट्रातही आहे, तेव्हा आपल्याला नवल वाटू नये. (हा विवाह टिकला नाही, १९०१ मध्ये घटस्फोट झाला.) लग्नासाठी युरोपभरचे आप्त जमले आणि गावातील छायाचित्रकार उलेनहूट यांनी त्या सर्वांना एका चौकटीत बसविले.

चेहरे ओळखू लागलो की दृष्टी खिळून राहते. राणीच्या एका बाजूला तिची थोरली कन्या, दुसऱ्या बाजूला त्याच कन्येचा पुत्र, मिशांना पीळ दिलेला जर्मन सम्राट दुसरा विल्हेम. मागे उभा असलेला तरुण म्हणजे रशियाचा युवराज निकोलस. त्याच्याजवळ राजकन्या अ‍ॅलिक्स, म्हणजे नवरदेवाची धाकटी बहीण आणि विल्हेमची मावसबहीण. धर्मांतर करावे लागेल म्हणून ती या स्थळाला नकार देत होती. आदल्याच दिवशी, २० एप्रिलला, तिने होकार दिला. विल्हेमनेही या जुळणीत मनापासून रस घेतला होता. मागच्या रांगेत इंग्लंडचा युवराज एडवर्ड आहे. तो अ‍ॅलिक्सचा मामा आणि निकोलसच्या मावशीचा यजमान. म्हणजे जर्मनी, रशिया आणि इंग्लंड या तिन्ही सत्तांचे त्या वेळचे वा पुढचे धनी एकाच लग्नघरात पाहुणे होते.

अशी सोयरीक असताना वैर कसे होईल, असे पाहणाऱ्याला वाटते. माझी नोकरी मात्र चेहऱ्यांपेक्षा कागद पाहण्याची होती. एका व्यापारी पेठेत तपासणीसाठी जाताना एका पेढीवर गादीच्या मागे पाच भावांचे मोठे छायाचित्र दिसे. पहिल्या भेटीत मी त्यावरच विसंबलो आणि भागीदारीचा करारनामा सवडीने मागितला. तो आला तेव्हा कळले, दोन भाऊ चार वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. चूक माझीच.

कोबुर्गच्या चौकटीबाहेरही एक कागद होता. रशिया आणि फ्रान्स यांच्या लष्करी कराराला जानेवारी १८९४ मध्ये, म्हणजे या छायाचित्राच्या साडेतीन महिने आधी, अंतिम मान्यता मिळाली होती. जर्मनीने हल्ला केल्यास परस्परांच्या मदतीस धावून जाण्याचा तो करार. वाग्दत्त वर ज्या गादीचा वारस होता, ती गादी सम्राट विल्हेमविरुद्ध बांधली गेली होती, आणि दोघेही एकाच मंडपात हास्यविनोद करीत होते.

माया खोटी होती असे मात्र मला वाटत नाही. २२ जानेवारी १९०१ रोजी राणीने प्राण सोडला, तेव्हा विल्हेम तिला तास-दोन तासांहून अधिक वेळ आपल्या उजव्या हाताने आधार देऊन होता; डावा हात जन्मतःच अधू. जुलै १९१४ च्या अखेरीस त्याने आणि निकोलसने एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ या घरगुती नावांनी तारा केल्या. २९ तारखेला विल्हेमची तार वाचून निकोलसने सर्वसाधारण सैन्य जमवाजमवीचा हुकूम मागेही घेतला. दुसऱ्याच दिवशी मंत्री आणि सेनापतींच्या आग्रहाने तो पुन्हा काढला. १ ऑगस्टला जर्मनीने युद्ध पुकारले, ४ ऑगस्टला इंग्लंड उतरले. त्या युद्धात आपले मराठा सैनिक मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात उपासमार सोसत होते.

१९१७ च्या मार्चमध्ये निकोलस पदच्युत झाला. इंग्लंडने आश्रय देऊ केला, आणि एडवर्डचा पुत्र पाचवा जॉर्ज याच्या आग्रहावरून तो परत घेतला. जॉर्ज हा निकोलसचा मावसभाऊ. दोघे दिसायला इतके सारखे की पाहणारे फसत. घराण्याचे जर्मन नाव अडचणीचे ठरू लागले, म्हणून १७ जुलै १९१७ रोजी जॉर्जने सॅक्स-कोबुर्ग हे नाव टाकून विंडसर हे नाव धारण केले. बरोबर एक वर्षाने, १७ जुलै १९१८ च्या पहाटे, येकातेरिनबुर्ग येथील घराच्या तळघरात निकोलस, अ‍ॅलिक्स आणि त्यांची पाचही मुले गोळ्यांना बळी पडली. विल्हेम पदत्याग करून हॉलंडमध्ये गेला आणि डोर्न येथे ४ जून १९४१ पर्यंत जगला.

चौकट आमच्या दिवाणखान्यात आहे. घरच्या लग्नातील छायाचित्राशेजारी ती लावण्यास सौभाग्यवतींनी साफ नकार दिला, म्हणून समोरच्या भिंतीवर.