छापलेला संवेदक आणि काळी माती

लग्नपत्रिका छापणारे दुकान आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. चौकटीवर ताणलेल्या जाळीवर शाई ओततात आणि रबरी पट्टीने ती ओढतात. जाळीच्या उघड्या भागातून शाई खाली उतरते व अक्षरे उमटतात. या शाईत रंगाऐवजी कार्बनची किंवा चांदीची भुकटी मिसळली तर? वाळल्यावर ती रेघ वीज वाहून नेते. छापील संवेदकांची सुरुवात इथून होते.

असा एक संवेदक घरोघरी पोहोचला आहे. तो म्हणजे रक्तातील साखर तपासण्याची पट्टी. १९८७ साली बाजारात आलेल्या ‘एक्झॅक्टेक’ या पेनाएवढ्या यंत्रात अशी पट्टी वापरली होती. पट्टीवर छापलेल्या विद्युत-अग्रावर ग्लुकोज ऑक्सिडेजसारखे विकर असते. ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेते, दुसरे एक रसायन ते अग्रापर्यंत पोहोचवते आणि प्रवाह वाहू लागतो. साखर जास्त, तर प्रवाह जास्त.

हीच युक्ती मातीतील ओल मोजण्यासाठीही वापरता येते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर, एकमेकांत दात अडकवलेल्या दोन फण्यांसारखी धातूची नक्षी छापतात व तिच्यावर पाणी न शिरणारा लेप देतात. आता हे एक धारित्र झाले. त्याची धारिता भोवतालच्या पदार्थावर अवलंबून असते. हवेचा परावैद्युतांक सुमारे १, कोरड्या मातीचा ३ ते ५, तर पाण्याचा सुमारे ८० असतो. म्हणून माती थोडी ओली झाली तरी धारिता चांगलीच वाढते.

याची गरज कोणाला? जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाहा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात तेथे पाणलोटाची कामे सुरू झाली. पुढे शेततळी झाली, ठिबकावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. शेततळ्यातले पाणी मोजके असते. मग वेलींना पाणी आज द्यावे की दोन दिवसांनी, या प्रश्नाला मोल येते. अंदाज चुकला तर पाणी वाया जाते किंवा बाग ताणात जाते.

पण मराठवाड्याची काळी माती संवेदकाला सहज फसवते. ती वाळली की आकसते व तिला भेगा पडतात. पट्टीशेजारी भेग पडली तर संवेदक मातीऐवजी हवा मोजतो आणि माती आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो. शिवाय चिकणमातीत पाणी असूनही त्यातले बरेचसे मुळांना ओढून घेता येत नाही. म्हणून दुसऱ्या मातीसाठी ठरवलेला आकडा इथे जसाच्या तसा चालत नाही.

तो जुळवून घेण्याचे काम शाळेतही करता येईल. संवेदकाचे वाचन नोंदवा आणि त्याच जागेची माती डब्यात घेऊन तिचे वजन करा. मग ती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन करा. १२० ग्रॅम मातीची १०० ग्रॅम झाली, तर कोरड्या वजनाच्या मानाने ओल २० टक्के. पाऊस पडून गेल्यापासून माती वाळेपर्यंत अशी आठ-दहा निरीक्षणे घेऊन आलेख काढा.

संवेदक छापखान्यात तयार होतो, पण त्याच्या आकड्याला अर्थ येतो तो आपल्या शिवारात काढलेल्या या आलेखामुळे.