डीव्हीडी रायटर

डीव्हीडी रायटर हे लेसर किरणाच्या साहाय्याने कोऱ्या तबकडीवर माहिती लिहिणारे उपकरण आहे. फाइलींचा बॅकअप घेण्यासाठी त्याचा वापर होतो. बहुतेक डीव्हीडी रायटर सीडीवरही लिहू शकतात. सीडीची क्षमता सुमारे ७०० मेगाबाइट, तर एकपदरी डीव्हीडीची ४.७ गिगाबाइट असते. उत्पादक १ गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, म्हणून विंडोजमध्ये हीच क्षमता ४.३८ गिगाबाइटच्या आसपास दिसते.

रायटरची निवड

डीव्हीडी-आर तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरने त्यावर सूक्ष्म खुणा उमटतात. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता व दमटपणा यांमुळे खराब होते. त्यामुळे बॅकअपचे आयुष्य रायटरच्या किमतीपेक्षा तबकडीच्या दर्जावर व साठवणुकीवर अधिक अवलंबून असते. खर्चात बचत करायची असल्यास ती रायटरवर करावी, तबकड्यांवर नव्हे.

मेजावरील संगणकात साटा जोडणीचा अंतर्गत रायटर बसवता येतो. लॅपटॉपसाठी यूएसबीवर चालणारा बाह्य रायटर सोयीचा असतो, मात्र काही वेळा एका यूएसबी जोडणीतून त्याला पुरेशी वीज मिळत नाही व लेखन अर्ध्यावर थांबते. अशा रायटरसोबत दोन टोकांची केबल असल्यास दोन्ही टोके जोडावीत. वेष्टनावर ठळक छापलेल्या कमाल वेगाला बॅकअपच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. आठपट वेगानेही पूर्ण डीव्हीडी साधारण दहा मिनिटांत लिहून होते.

सॉफ्टवेअर

साध्या कामासाठी विकतच्या सॉफ्टवेअरची गरज भासत नाही. विंडोज व्हिस्टापासून डीव्हीडी लिहिण्याची सोय विंडोजमध्येच आहे. इन्फ्रारेकॉर्डर हे विंडोजवरील, तर के३बी व ब्रासेरो ही लिनक्सवरील मुक्त सॉफ्टवेअर आहेत.

फाइलींची नावे देवनागरीत असल्यास तबकडीची फाइल प्रणाली तपासून घेणे आवश्यक ठरते. आयएसओ ९६६० हे मूळ मानक केवळ रोमन मोठी अक्षरे, अंक व अधोरेषा स्वीकारते. त्यावर आधारित जोलिएट ही मायक्रोसॉफ्टची प्रणाली युनिकोड नावे जपते, पण ती ६४ वर्णांपर्यंतच. देवनागरीत काना, वेलांटी व हलन्त हेही स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात. ‘विद्यार्थी’ हा तीन अक्षरांचा शब्द अशा रीतीने दहा वर्णांचा होतो आणि लांब नाव शेवटी कापले जाऊ शकते. यूडीएफ प्रणालीत ही अडचण सहसा येत नाही.

पडताळणी

लेखन पूर्ण झाल्याचा संदेश म्हणजे फाइली बिनचूक उतरल्याची खात्री नव्हे. लिहिलेली माहिती पुन्हा वाचून मूळ फाइलींशी ताडून पाहण्याचा पर्याय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो. त्यात लेखनाइतकाच वेळ जाऊ शकतो, म्हणून अनेकदा तो वगळला जातो. तबकडी दुसऱ्या संगणकावरही वाचून पाहावी, कारण काही तबकड्या केवळ लिहिणाऱ्या रायटरमध्येच नीट वाचल्या जातात. तोपर्यंत मूळ फाइली पुसू नयेत.