चिंचपोकळी ते श्रीवर्धन, टप्प्याटप्प्याने

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी आटोपल्यावर एका सकाळी चहा घेता घेता अण्णा म्हणाले, "बाय, यंदा गावी सायकलने जाऊ या."

अण्णांचे वय तेव्हा एकाहत्तर. रक्तदाब आणि मधुमेह हे दोघे पंधरा वर्षांचे सोबती. आई गेल्यापासून चिंचपोकळीच्या आमच्या चाळीचा जिना उतरणेही त्यांनी कमी केले होते. माझ्या तोंडून "नाही" हा शब्द विचार करण्यापूर्वीच निघून गेला. वृद्धांची काळजी वाहणाऱ्या आपणा सर्वांच्या जिभेवर तो तयारच असतो. अण्णा काही बोलले नाहीत. कप विसळून ठेवला आणि पुन्हा खाटेवर जाऊन पडले. त्या पडण्याचीच मला सायकलपेक्षा अधिक भीती वाटली.

अण्णा गिरणी कामगार. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, ती कायमची. त्यानंतर काही वर्षे सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून त्यांनी लालबाग-परळच्या चाळींतून पाव-बटर पोचवले. त्या सायकलवर आमचा संसार चालला. गाव श्रीवर्धनजवळ, तिथे मात्र ते नेहमी एस.टी.नेच गेले. मधली वाट आपण कधी पाहिलीच नाही, ही रुखरुख त्यांच्या मनात होती.

दोन दिवसांनी मी त्यांना घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. मनातून वाटत होते, नकार डॉक्टरांनीच द्यावा.

आधी तपासणी, मग सराव

डॉक्टरांनी नकार दिला नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. दोन जिने चढताना छातीत दुखते किंवा दम कोंडतो का? झोपून उठताना चक्कर येते का? गेल्या वर्षभरात कधी पडलात का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आल्यावर त्यांनी हृदयाचा आलेख काढला, डोळे आणि पावले तपासायला सांगितली आणि दोन महिने सपाट रस्त्यावर सराव करण्याची अट घातली. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांना याहून अधिक तपासण्या लागू शकतात. तो निर्णय आपल्या डॉक्टरांचाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पासष्टीपुढील व्यक्तींनीही आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार सीटवर राहत असल्याने गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा सुसह्य वाटते. परंतु याच कारणामुळे हाडांना मजबुती देण्यास ती अपुरी पडते. म्हणून अण्णा रोज अर्धा तास चालत, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठत-बसत.

श्रम किती व्हावेत, याचे एक सोपे माप आहे. सायकल चालवताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. बोलताना वाक्य तुटू लागले, की थांबावे. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे नाडी संथ राहते. अशा रुग्णांना ठोके मोजण्यापेक्षा हेच माप अधिक उपयोगी.

सायकल कोणती घ्यावी, यावर घरात वाद झाला. तोल बहुधा चढता-उतरताना जातो. पुरुषी सायकलचा उंच दांडा ओलांडण्यासाठी पाय उचलावा लागतो, आणि या वयात तेच अवघड असते. दुकानदाराने खालच्या दांड्याची, हलके गिअर असलेली सायकल दाखवली. "ही तर लेडीज सायकल!" म्हणून अण्णा दुकानातून बाहेर पडले. आठवड्याने स्वतःच परत गेले. सीटची उंची अशी ठेवली, की पॅडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. शिवाय हेल्मेट आणि आरसा घेतला.

मग दर रविवारी पहाटे, अवजड वाहनांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, घोडपदेव आणि रे रोडवरून भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन येण्याचा परिपाठ पडला. धक्क्यावर पहाटे मासळीचा बाजार भरलेला असतो. तिथे अण्णांच्या ओळखी झाल्या, आणि आठवड्यात एकदा तरी घरात ताजे बांगडे येऊ लागले.

डोंगर आणि खाड्या

जानेवारीच्या मध्यावर आम्ही निघालो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच कोकणात सायकल चालवण्याचा काळ; त्यानंतरचा उकाडा वृद्धांना सोसत नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेस खडूच्या डोंगरांवरून विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी सुमारे १६० किलोमीटरची पायवाट जाते. तिला साउथ डाउन्स वे म्हणतात. पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांना ती सारखीच खुली आहे. गोलाकार, गवताळ टेकड्यांवरून चढत-उतरत ती पांढऱ्या कड्यांपाशी समुद्राला भेटते. कोकणचे डोंगर काळ्या कातळाचे, दक्षिणेकडे जांभ्याचे. पण चढउताराचा खेळ तसाच. इथे त्यात खाड्यांची भर पडते. सह्याद्रीतून आलेल्या नद्यांनी किनारा ठिकठिकाणी कापला आहे. प्रत्येक खाडीशी रस्ता उतरतो, पुलाने किंवा जलवाहतुकीने पलीकडे जातो आणि पुन्हा चढू लागतो. वृद्ध प्रवाशाला ही रचना सोयीची आहे, कारण खाडी म्हणजे सक्तीची विश्रांती.

पहिला टप्पा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याचा. २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीत माणसांबरोबर वाहनेही जातात आणि तासाभरात पलीकडे पोचता येते. समुद्र खवळलेला असताना फेऱ्या बंद राहू शकतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर, बहुतेक सपाट. आम्ही दर पाऊण तासाने थांबलो आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायलो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, हे सोबत्याने लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी अलिबाग ते रेवदंडा, सतरा किलोमीटर. अक्षी, नागाव, चौल ही गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या सावलीत वसलेली. अक्षीला मराठीतील अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. अण्णा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. अक्षरे लागली नाहीत, पण सूर्यचंद्र ओळखले.

माझी चूक

रेवदंडा ते मुरूड हे अंतर तीसहून अधिक किलोमीटर. मूळ बेत काशिदला मुक्काम करून ते दोन दिवसांत कापण्याचा होता. माझ्या रजेचा एक दिवस वाचावा म्हणून मी तो एकाच दिवसात बसवला. अण्णांनी हरकत घेतली नाही. मुलीच्या सोयीआड कसे यावे, असे त्यांना वाटले असणार.

काशिदपर्यंत सारे ठीक होते. पुढच्या चढावर मी पुढे होते. मागून घंटी वाजेनाशी झाली म्हणून वळून पाहिले, तर अण्णा रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे. घामाने ओलेचिंब, हात थरथरत होते, आणि मी काय विचारते आहे ते त्यांना नीट उमजत नव्हते. त्यांना सावलीत बसवून तपासले, तर रक्तातील साखर ५८.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. आकडा सत्तरच्या वर गेल्यावर बिस्किटे आणि केळे दिले. मधुमेहाच्या काही गोळ्या व इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर श्रमाने अशी उतरू शकते, आणि व्यायामानंतर काही तासांनीही उतरू शकते. म्हणून साखर व तपासणीचे यंत्र सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे. गोळ्यांच्या मात्रेबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे; स्वतःहून बदल करू नये. रुग्ण शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. छातीत दुखणे, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना पडून डोक्याला मार लागणे, यांसाठीही हाच नियम.

पुढचा रस्ता आम्ही दोन्ही सायकलींसह एका छोट्या टेम्पोतून काढला. वाटेत मी म्हणाले, "अण्णा, चुकले माझे. उद्या एस.टी.ने परत जाऊ." ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "परत कशाला? उद्या बसून राहू. परवा बघू."

उरलेली वाट

मुरुडात एक दिवस नुसते बसलो. सकाळ-संध्याकाळ साखर तपासली, डॉक्टरांशी फोनवर बोललो आणि पुढचा बेत नव्याने आखला. या खेपेस तो अण्णांनी आखला. आगरदांडा ते दिघी खाडी बोटीने ओलांडायची. दिघीपुढचे चढ टेम्पोने जायचे. दिवेआगरला मुक्काम, आणि तिथून शेखाडीमार्गे समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धनपर्यंतचे वीसेक किलोमीटर तेवढे सायकलने.

तो शेवटचा रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो. उजव्या हाताला समुद्र सुटत नाही. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील नारळी-पोफळी झोपवल्या होत्या. नव्याने लावलेली झाडे अण्णा मला दाखवीत होते. चढ आला की ते उतरत आणि सायकल हाती धरून चालत. मी घाई केली नाही. त्या दिवशी मागे राहिले ते मीच.

गावी पोचल्यावर चुलत्यांनी विचारले, "कशाने आलात?"

"सायकलने," अण्णा म्हणाले, "थोडे टेम्पोने."

काळजी वाहणाऱ्या वाचकांना या प्रवासातून एवढेच सांगेन. "जाऊ की नको" या प्रश्नावर आपण फार वेळ अडतो. खरी तयारी करायची असते ती कुठे थांबायचे, कुठे उतरायचे आणि थांबल्यावर कोणते वाहन मिळेल, याची. आणि रजेचे दिवस मोजणाऱ्याने अंतर ठरवू नये. पॅडल मारणाऱ्याने ठरवावे.

परतताना आम्ही एस.टी.ने आलो. अण्णा आजही दर रविवारी पहाटे भाऊच्या धक्क्यापर्यंत जाऊन येतात. खिशात साखरेची पुडी असते, फोन असतो, आणि घरच्या क्रमांकाची चिठ्ठी असते. दर वेळी मी सोबत असतेच असे नाही.